तीन दिवसांचा डाग

बटाट्याच्या काढणीत माणसाचं डोकं कोणी विचारत नाही, कंबर विचारतात. उजाडायच्या आत टोळी वावरात उतरायची ती वाकूनच. दिवस मावळताना सरळ व्हायला जावं, तर कंबर म्हणायची, राहू दे गं, उद्या पुन्हा वाकायचंच आहे ना! पुढे कुदळीवाले, त्यांच्या मागे वेचणाऱ्या बाया, त्यांच्या मागे पोती भरणारे, आणि सगळ्यांच्या मागे पोती वाहणारे. पोतं पाठीवर चढलं की माणूस दिसेनासा व्हायचा. पोत्यालाच दोन पाय फुटलेत आणि ते आपलं आपण गाडीकडे निघालंय, असं वाटायचं. बाया वेचता वेचता गुणगुणायच्या,

वाकले मी वाकले, मातीला कान दिला,
माती म्हणे बाई गं, तुझा कणा कुणी नेला?

ज्याचा कणा दगा द्यायचा, तो संध्याकाळी एकाच दारात यायचा. डागणाऱ्या म्हाताऱ्याच्या.

घर गावाच्या टोकाला, गोदामाच्या पाठीमागे. अंगणात एक लांब फळी, एक शेगडी आणि तीन लोखंडी सळया. सळईच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी चपटी गुंडी. दुखणेकऱ्याने फळीवर पालथं पडायचं. म्हातारा अंगठ्याने मणका मणका चाचपत खाली यायचा, एका जागी थांबायचा. "इथं बसलंय," म्हणायचा. मग सळई. कातडी चरचरायची, माणूस बोंबलायचा, आणि म्हातारा एवढंच म्हणायचा, "गेलं." पाठोपाठ चाळीस वर्षांचं ठरलेलं वाक्य, "फोड सुकेपर्यंत ओझं नाही. तीन दिवस. उचललंस तर मी जबाबदार नाही."

हे वाक्य वावराचा मालकही मानायचा. ताप भरला, पाय सुजला, खोकून खोकून रक्त पडलं, तरी काढणीत सुटी कुणाला नव्हती. पण पाठीवर म्हाताऱ्याचा फोड असला की तीन दिवस बांधावर बसायला मिळायचं. टोळीचा मुकादम सकाळी सदरा वर करून फोड बघायचा आणि तोंड वाकडं करून म्हणायचा, "बस जा." हा मुकादम म्हाताऱ्याचाच मुलगा. बाप भाजायचा, मुलगा सुटी द्यायचा, आणि बापाच्या शब्दाला हात लावायची मुलाची छाती नव्हती.

शेगडी फुलवायचं काम सुनेचं. यंदा म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांवर साय धरली, तेव्हापासून विस्तवातली सळई उचलून त्याच्या हातात द्यायचं कामही तिच्याकडे आलं.

हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात गाडीवान आला. कंबर धरून, शेळीसारखा तिरका चालत. त्या दिवशी कोळसा ओला होता. सून फुंकून फुंकून रडकुंडीला आली, पण सळई काही लाल होईना. म्हाताऱ्याचा अंगठा जागेवर टेकलेला. "आण गं! जीव जातोय का तुझा?" ती घाबरली. हाताशी ओलं फडकं होतं ते तिने गाडीवानाच्या पाठीवर पसरलं आणि सळई दिली. फडकं चर्र झालं. वाफ उठली. गाडीवान कापल्यासारखा ओरडला.

"गेलं," म्हातारा म्हणाला.

गाडीवान उठला. इकडे वळला, तिकडे वळला, आणि पाणावल्या डोळ्यांनी हसला. "बाबा, काय हात आहे तुमचा! गेलं की खरंच!" पाठीवर नुसता गुलाबी ठिपका.

तो गेल्यावर सुनेने सळईची गुंडी आपल्या गालाला लावून पाहिली. कोमट.

त्या दिवसापासून तिने एकही सळई लाल होऊ दिली नाही. तिच्या स्वतःच्या पोटावर पाच डाग होते. मूल राहत नव्हतं त्या वर्षीचे. तेव्हा नवऱ्याने तिचे पाय धरले होते आणि सासऱ्याने सळई. तिच्या तोंडातून आवाज निघाला नव्हता. तिच्या वाटचं ओरडली होती ती नणंद, दारामागे उभी राहून.

नणंदेला सगळे टिटवी म्हणत. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, भावाच्याच टोळीत पोती वाहणारी, आणि तोंडाला क्षणाची विश्रांती नाही. घरात सुनेला जिवाभावाची तेवढी एकच. विहिरीवर दोघीच असताना सुनेने तिला सांगून टाकलं.

"बावीस जणं झाली, टिटवे. एकालाही खरा चटका नाही."

"आणि बरी झाली?"

"चालत गेली की दारातून. तुझा तो गाडीवान तर नाचत गेला."

"माझा कशाला? त्याच्या बैलाचा असेल तो!" टिटवी हसत सुटली, पोहरा हिंदकळला. "म्हणजे बाबा चाळीस वर्षं माणसं उगाच भाजत बसले? कणसासारखी?" आणि हसता हसता थांबली. "पण वहिनी, फोड येत नाही ना मग."

"नकोच यायला. तेच तर म्हणते मी."

"दादा फोड बघतो गं."

सुनेने ते कानावर घेतलं, मनावर घेतलं नाही. दारातून चालत गेलेली माणसं तिने मोजली होती. पुढे ती कुठे जाऊन बसली, ते तिने मोजलं नव्हतं.

मग थंडी उतरली. रात्रीत जमीन गोठली तर बटाटा आतल्या आत काळा पडतो, म्हणून मालक दिवसातून दोनदा बांधावर येऊन आभाळाकडे आणि मुकादमाकडे बघायला लागला. मुकादमाची मान ताठ झाली. सदरा वर केला की त्याला गुलाबी ठिपका दिसायचा. "हा डाग? ढेकूण चावला तर याहून मोठी गांधी उठते. चल, उचल." माणसंही उचलायची. बाबांनी काढलंय, हलकं वाटतंय, या भरवशावर. दोन दिवस वाहायची आणि तिसऱ्या दिवशी कुठेतरी वाफ्यात बसकण मारायची. मुकादम त्यांना काठीने उठवायचा. एका कुदळीवाल्याच्या कानशिलात त्याने अशी दिली की बिचारा दिवसभर एका कानाने ऐकत होता.

त्या आठवड्यात टिटवी संध्याकाळी गप्प घरी आली. 

"वहिनी, डाव्या पायात मुंग्या येतात. कंबरेतून विजेसारखं उतरतं खाली." ती फळीच्या कडेला टेकली. आवाज खाली आणला. "आज खरी तापव. लाल. मला तीन दिवस पाहिजेत."

"माझं पोट बघितलंयस ना तू?"

"बघितलंय. म्हणूनच तुला सांगते, दुसऱ्या कुणाला नाही. मी माझं ओरडून घेईन. तू फक्त तापव."

"तापवते," सून म्हणाली.

तिने कोळसे फुलवले. सळई लाल झाली. म्हातारा येऊन लेकीच्या पाठीवर वाकला, अंगठा खाली खाली आला. "इथं बसलंय. लहानपणी याच पाठीवर थोपटायचो मी हिला," तो म्हणाला. "आण." सुनेने सळई उचलली. लाल गुंडीसमोर ती सावळी पाठ, मानेखालची बारीक लव, पोत्याच्या सुतळीने घासून उमटलेले वळ. सुनेचा हात वळला तो पाण्याच्या बादलीकडे. सळई बुडाली, फुसफुसली. मग फडकं. मग चर्र.

टिटवी ओरडली. "गेलं," म्हातारा म्हणाला.

आणि टिटवी उठून बसली, घामेजली, हसली. "वहिनी, हलकं वाटतंय गं! खरंच!"

सून मनात म्हणाली, बघ. तेविसावी.

सकाळी वावरात, सगळ्या टोळीसमोर, मुकादमाने बहिणीचा सदरा वर केला. टोळीने माना वळवल्या.

"बाबाही म्हातारेच झाले म्हणायचे. नुसतं लाल झालंय. उचल."

टिटवीने मागे हात नेऊन पाठ चाचपली. कातडी सपाट. तिने त्या दिवशी वेचायला आलेल्या भावजयीकडे पाहिलं. "वहिनी?" एवढंच म्हणाली.

 सुनेने खरं बोलावं तर बावीस माणसांसमोर म्हाताऱ्याची चाळीस वर्षं उघडी पडणार. तिने खाली बघितलं, मातीतला बटाटा उचलला, पाटीत टाकला.

"राहू दे," टिटवी म्हणाली. "तसंही बरं वाटतंय मला."

अकराव्या पोत्याला ती गाडीच्या फळीवर चढत होती. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. पोतं आणि ती एकदमच खाली आली, पोतं वर. सुतळी सुटून बटाटे तिच्या तोंडावर, केसांत, सगळीकडे.

"ऊठ," मुकादम ओरडला. "सोंगं बंद कर!" त्याने काठीचं टोक तिच्या पायाच्या तळव्याला टोचलं. मग जोरात टोचलं. तळव्यातून रक्ताचा थेंब आला. टिटवी मात्र आभाळाकडे बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "माझे पाय कुठायत?"

तेव्हा कुठे त्याच्या हातातली काठी पडली.

गोदामाचं एक दार काढून त्यावरून तिला घरी आणलं. मुकादम पुढे धावत, "बाबा, डागा! दोन ठिकाणी डागा!" म्हातारा चाचपडत आला, त्या दाराशेजारी गुडघ्यांवर बसला. लेकीला कुशीवर करून अंगठा पाठीवर टेकवला. एकदा फिरवला. दुसऱ्यांदा सगळी बोटं फिरवली, हळूहळू, पेरलेलं बी शोधावं तशी.

"काल मी इथं डागलं. फोड कुठाय?"

म्हाताऱ्याने शेगडीकडे तोंड वळवलं.

"फोड कुठाय गं, सूनबाई?"

"नाही आला," सून म्हणाली. "हिने लाल मागितली होती, मी सळई विझवून दिली. हिलाच नाही, यंदा सगळ्यांनाच."

मुकादमाला कळायला एक श्वास लागला. दुसऱ्या श्वासाला त्याने शेगडीजवळची सळई उचलली. पहिला तडाखा तिच्या खांद्यावर बसला, दुसरा कानावर. ती फळीवर आदळली, ओठ फाटला, दात सैल झाला. "माझी बहीण मारलीस!" तो केस धरून तिचं डोकं फळीवर आपटत होता. "बापाला फसवलंस! माझ्या टोळीला फसवलंस!" म्हातारा आवाजाच्या रोखाने धडपडत मधे आला, हात आडवा घातला. तिसरा तडाखा त्याच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. म्हाताऱ्याने अंगणातल्या मातीत बसकण मारली आणि मोडका हात मांडीवर घेतला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

तोंडातलं रक्त थुंकून सून ओरडली, "गार लोखंडाने गाडीवान उठला! गार लोखंडाने बावीस माणसं उठली! विचारा त्याला, उभाय तो दारात!"

गाडीवानाने आपल्या कंबरेवर हात ठेवला आणि काढून घेतला. गाडी त्याचीच. डागून घेतल्यावर पहिले दोन दिवस बैल नीट चालत नाहीत म्हणून त्याने गाडी जुंपली नव्हती, ते त्याला आत्ता आठवत होतं.

"मग ही का नाही उठली?" म्हाताऱ्याने विचारलं. आवाज शांत होता.

"उठली होती, बाबा. काल उठली होती. आज सकाळी तुमच्या मुलाने फोड नाही म्हणून पोतं दिलं."

 दुखण्याने म्हाताऱ्याच्या तोंडावर घाम आला होता. "मला माहीत नव्हतं सळई गार आहे," तो आपल्याशीच म्हणाला. "त्यांनाही माहीत नव्हतं. तरी ओरडले. तरी हसत गेले." मग आंधळे डोळे उघडून, "म्हणजे चाळीस वर्षं माझ्या दारात जे काय बरं झालं, ते त्या तीन दिवसांनी. आणि मी उगाच... उगाच भाजत..." पुढचं त्याला बोलवेना. त्याने सुनेच्या पोटाच्या दिशेने तोंड केलं आणि फिरवलं.

"बोलत काय बसलात?" दारावर पडल्या पडल्या टिटवी म्हणाली. "मला मुतायला झालंय की झालं नाही तेही कळत नाहीये. कुठेतरी न्या मला."

"गाडीत वीस पोती भरलीत," मुकादम म्हणाला.

गाडीवानाने त्याच्याकडे बघितलं, बाहेर गेला, आणि गाडी उलटी केली. वीस पोती रस्त्यावर. शहराच्या दवाखान्यापर्यंत दोन बाया टिटवीला दोन्हीकडून धरून बसल्या. सुनेला नवऱ्याने चढू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावर रिकामं होतं आणि अंगण भरलं होतं. टोळीतली सगळ्यात वडील वेचणारी, जिला सगळे काकू म्हणत, ती फळीवर येऊन बसली होती. तिच्यामागे सोळा जणं.

"शेगडी पेटव," काकू म्हणाली.

सुनेचा एक डोळा सुजून मिटला होता. "काकू, त्याने बरं होत नाही. मी स्वतः बघितलंय."

"बरं व्हायला कोण आलंय? आम्ही बसायला आलोय."

"नको गं, सूनबाई," खाटेवरून म्हातारा म्हणाला. त्याचा हात दोन कामट्यांत बांधला होता. "माहीत नव्हतं तोवर मी वैद्य होतो. आता माहीत असून भाजलं तर खाटीक."

"मग खाटीक म्हणून भाज," काकू सुनेला म्हणाली. "पाठी आमच्या आहेत. त्या पोरीने तोंड उघडून मागितला होता चटका, तू दयेपोटी दिला नाहीस. आता दया पुरे कर, बाई."

सुनेने शेगडी पेटवली. कोळसा कोरडा होता. सळई लाल झाली, लालाची पिवळी झाली. बादली तिने पायाने दूर सारली. काकूने सदरा वर केला. पाठ म्हणजे वाळलेला ओहोळ, मधे दगडांसारखे मणके. सुनेने सळई टेकवली.

तो आवाज फडक्याचा नव्हता. वास अंगणभर पसरला. काकू ओरडली नाही, फळीची कड मात्र तिच्या दातांनी चेचली. सून भिंतीकडे जाऊन ओकली, तोंड पुसून परत आली. "पुढचं," म्हणाली.

सातव्या पाठीला तिचा हात थरथरायचा थांबला. तेच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

नववी पाठ फळीवरून उठत असताना मुकादम आला. मालकाच्या शिव्या खाऊन आला होता. त्याने शेगडी लाथाडली, निखारे बायांच्या पायांवर उडाले. काठी एकीच्या नडगीवर बसली, एकाच्या डोक्यावर. तिसऱ्यांदा ती उठली तेव्हा शहरातून परतलेल्या गाडीवानाने ती वरच्या वर धरली. मग कोणी पाय ओढले, कोणी केस. मागे कानशिलात खाल्लेल्या कुदळीवाल्याने गुडघा त्याच्या तोंडावर घातला. नाक फुटलं. सहा जणांनी त्याला फळीवर पालथा पाडला, आणि गाडीवानाने त्याचा सदरा मानेपर्यंत फाडला.

"डाग, वहिनी. याला दोन."

सळई अजून लाल होती. सून त्याच्यावर उभी राहिली. खाली रुंद, गुळगुळीत पाठ. एक ओरखडा नाही. बारा वर्षांत तिने ती पाठ दिवसाउजेडी कधी नीट बघितली नव्हती. गुंडीची धग लागून त्याची कातडी शहारली, आणि तो लहान मुलासारखा कण्हला.

"नाही," सून म्हणाली.

"दया आली?" काकूने विचारलं.

"याला तीन दिवस कशाला द्यायचे? याच्या पाठीला काय झालंय?" तिने सळई मागे घेतली. "सोडा त्याला. वावरात पाठवा. अख्खं वावर पडलंय, एकटा काढू दे."

कोणीतरी खदकन हसलं, मग सगळे हसले, भाजलेल्या पाठींनी हसताना कळवळले. मुकादम उठला, नाकातलं रक्त बाहीने पुसलं आणि खरंच वावराकडे गेला. दुसरीकडे जायला त्याला कुठे जागा होती? उरलेल्या आठ पाठींसाठी सुनेने निखारे चिमट्याने गोळा केले.

तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. वाटेत बांधावर सतरा जणं ओळीने बसली होती, वाऱ्याकडे पाठ करून. थंडीत फोडांना बरं वाटत होतं म्हणे.

टिटवी लोखंडी खाटेवर उताणी होती. मणक्यातली गादी सरकून नसेवर बसली होती, ती डॉक्टरीणबाईंनी कापून काढली होती. डाव्या पायाची बोटं हलत होती. उजव्याची नाही. "हलतील म्हणाल्या. नाही हलली तर नाही, असंही म्हणाल्या. खोटं बोलत नाहीत त्या बाई." टिटवीने उशाखालून एक शिक्क्याचा कागद काढला. "हे वाच. दीड महिना ओझं उचलायचं नाही, असं लिहिलंय."

सुनेने वाचलं. तसंच लिहिलं होतं.

"दीड महिना, वहिनी! मी विचारलं, नुसत्या कागदावर? कुठंही न भाजता? तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या." टिटवी हसू लागली, टाके ओढले म्हणून थांबली. मग तिने नाक फेंदारलं. भावजयीचा हात ओढून हुंगला. घासून घासून साल निघाली होती, तरी वास गेला नव्हता.

"किती जणं?"

"सतरा."

"तूच?"

सुनेने मान हलवली. टिटवीने तो हात सोडला नाही.  बाहेर व्हरांड्यात कुणीतरी झाडत होतं. टिटवी म्हणाली, "त्या दिवशी मला लाल सळई दिली असतीस तर एकच पाठ भाजली असती."

"हो," सून म्हणाली.